राखोळी

पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडून पाच मिनिटं झाली तरी ब्रूनो खाली उतरत नाही. सोनेरी केसांचा, पस्तीस किलोचा गडी, पण सीटच्या कोपऱ्यात असा मुरून बसलाय की नुसतं शेपूट दिसतं. मालक पट्टा धरून ओढतात, त्यांची बायको बिस्किटांचा पुडा वाजवते, पुढच्या सीटवरची मुलगी रडू आवरत खिडकीबाहेर बघते. या घरची वहिनी पट्ट्याला हात लावत नाही. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेली ती गाडीपासून चार पावलांवर येते आणि सगळ्यांकडे पाठ करून मुरमावरच मांडी घालते.

“ओढू नका दादा,” मागे न वळता ती म्हणते. “ओढून आत नेलेला कुत्रा चार दिवस फाटकाकडंच तोंड करून बसतो. येईल तो त्याच्या पायानं.”

आश्विन संपत आलाय. आज वसुबारस. समोरच्या खाचरांत कापलेली इंद्रायणी आडवी पडलीय आणि उन्हात तापून तिचा वास इथवर येतो. पलीकडे तोरण्याची लांबलचक धार. पुण्याहून पन्नासेक किलोमीटर, नसरापूरकडून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यानं मार्गासनी ओलांडून आत वळलं की ही वाडी लागते. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, तरी बाजाराला निघालेली माणसं अजून ‘वेल्ह्याला जातो’ असंच म्हणतात. फाटकावर परवाच रंगवलेली पाटी आहे: कुत्र्या-मांजरांची राहण्याची सोय. ‘सोय’मधला रंग किंचित ओघळलाय.

ब्रूनो नाक बाहेर काढतो. मग एक पाय. मुरमावर उतरून तो वहिनीच्या खांद्याचा, शर्टाच्या कॉलरचा, केसांचा वास घेतो. ती तशीच बसून राहते. त्यानं तिच्या कोपराखाली डोकं घातल्यावर ती पहिल्यांदा हात हलवते. गाडीतली मुलगी आता खरंच रडायला लागते.

मी हे ओट्यावर बसून बघते आहे. माझ्या पायाशी राणी आहे, तेरा वर्षांची, गावठी, मागच्या पायांनी अधू झालेली. आजपासून सहा दिवस तीही इथं राहणार. तोरण्याला, राजगडाला येता-जाता या घरी चहा प्यायचा माझा वीस वर्षांचा परिपाठ, आणि वहिनीच्या नवऱ्यानं, दादानं, ‘कुत्र्यांचं होस्टेल काढतो’ म्हटल्यावर कागदपत्रं लिहून द्यायला मीच बसले होते. तरीही सकाळपासून माझ्या पोटात गोळा आहे. राणीच्या आधीचा माझा शेरू, सहा वर्षांपूर्वी, शहरातल्या अशाच एका ठिकाणी आठवडाभर होता. घरी आणला तेव्हा त्याच्या कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड भरलेली होती. तीन आठवड्यांनी ताप चढला, नाकातून रक्त यायला लागलं. गोचिडीतून शिरलेल्या जंतूनं त्याच्या रक्तातल्या प्लेटलेट खाली आणल्या होत्या. डॉक्टरांनी हातपाय हलवले, पण उशीर झाला होता. मी तेव्हा ती जागा आतून बघितलीही नव्हती. दारातच पट्टा सोपवला, पैसे दिले, गाडी धरली. त्याचं मला अजून लागतं.

म्हणून आज मी आतली इंच न् इंच जागा बघून घेते.

“या ताई, परत एकदा बघा,” दादा हसत नाही, खरंच बोलावतो. तो बारा वर्षं शिरवळच्या कंपनीत होता. सुटीच्या दिवशी इथल्याच एका पुणेकराच्या बंगल्याची राखण करायचा. बंगल्याचे मालक एकदा दोन लॅब्रॅडॉर त्याच्या हवाली करून पंधरा दिवस परदेशी गेले, परत आले तर कुत्री त्यांच्या गाडीत बसेनात. धंद्याचं बी तिथं पडलं. भोवतालच्या जमिनी प्लॉटिंगला जात होत्या, याच्याकडेही एजंट येत होते. यानं जमीन राखली आणि गोठा बदलला.

गोठ्याची जुनी जोती, जुने वासे तसेच आहेत. आत दोन्ही बाजूंना मिळून नऊ खोल्या, दहावी बाहेर. प्रत्येक चार फूट रुंद, सहा फूट खोल, आणि पुढं तेवढ्याच रुंदीचं दहा फुटांचं उघडं अंगण. प्राण्याला पुरेसं हलता-फिरता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. करारनामा लिहिताना मी ते कलम दादाला वाचून दाखवलं, तेव्हा कागदावर पंधरा खोल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यानं टेप घेऊन पाच कमी केल्या. ‘गाय वळून बसते एवढी जागा तर कुत्र्याला पाहिजेच की,’ एवढंच म्हणाला.

जमीन खरखरीत कोब्याची आहे. गवंडी गुळगुळीत टाइल्स लावायच्या मागं लागला होता. धुवायला सोप्या, दिसायला छान. पण ओल्या टाइलवर राणीसारख्या म्हाताऱ्या कुत्रीचे मागचे पाय फाकतात आणि एकदा खुबा गेला की गेला. कोब्याला मागं उतार, उताराच्या टोकाला पन्हळ, पन्हळीतून पाणी शोषखड्ड्यात. जोराच्या पावसात इथं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. ओल धरली की कातडीला खाज, खाज आली की जखम. म्हणून झोपायला जमिनीपासून वीतभर उंच लोखंडी चौकटी केल्यात, त्यांवर पट्ट्या विणल्यात. मी गमतीनं नव्हे, खरंच विचारलं होतं, दारात एवढा पेंढा असताना पट्ट्या कशाला? वहिनीनं एकच शब्द उच्चारला: गोचीड. पेंढा, भिंतीतली भेग, दाराची बिजागरी, कुठंही ती अंडी घालते. भिंतीच्या सगळ्या भेगा तिनं स्वतः सिमेंटनं बुजवल्यात. पेंढ्याची गंजी पार ओढ्यापलीकडं हलवलीय. तिथं उंदीर येतात, उंदरांमागं घोणस येते. आणि उंदराच्या लघवीतून लेप्टो येतो, जो कुत्र्याला होतो तसा भाताच्या चिखलात राबणाऱ्या माणसालाही होतो.

मी भिंतीवरून बोट फिरवते. बोटाला चुना लागतो, बाकी काही नाही.

छपराला कौलं आहेत. पत्रा स्वस्त पडला असता, पण वेल्ह्याचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. अनोळखी जागेतल्या कुत्र्याचं काय होईल. कौलांखाली मात्र बोटाएवढ्या भोकांची जाड वेल्डमेश जाळी ठोकलीय, अंगणांवरही तीच. कारण या भागात बिबट्या आहे, आणि शेळीच्या गोठ्यावरची कौलं सरकवून आत उतरणं त्याला चांगलं जमतं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनानं सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता, सुमारे ३९ टक्के. हा आकडा मी दादाला सांगितला त्या दिवशी तो बराच वेळ गप्प होता. नंतर घरातली आजी म्हणाली की या वाडीत म्हातारं होऊन मेलेलं कुत्रं तिनं आयुष्यात दोनदाच पाहिलंय.

तर जाळीवर सगळ्यांत जास्त पैसा गेला. बाहेरचं कुंपण आठ फुटी, पायथ्याला दोन फूट खोल दगड-सिमेंट. आठ फूट का, ते सातव्या खोलीतला वादळ दाखवतो. तो कारवान आहे, लांब पायांचा, सुरीसारख्या तोंडाचा. मुधोळच्या घोरपड्यांनी जोपासलेली ही जात. २००५ साली टपाल खात्यानं तिचं तिकीट काढलं. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये असं जनावर कसं राहतं मला कळत नाही. दुपारी मोकळ्या पटांगणात सोडलं तर तो वाऱ्यासारखा पाच फेऱ्या मारतो आणि कुंपणासमोर उभा राहून वरच्या कडेचा अंदाज घेतो. दादा त्याच्याकडे बघतो, मग कुंपणाकडे बघतो. “साहा फुटी केलं असतं तर आत्ता मी तोरण्यावर असतो, याला हुडकत.”

साताऱ्याजवळ माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्यानं वाघापासून महाराजांना वाचवलं असं सांगतात. दादानं ती पाहिलीय. तो मला म्हणतो, “त्यो राजाचा कुत्रा. आपल्याकडं वाघापासून कुत्र्यालाच वाचवायचंय.”

मांजरांची खोली घराच्या दुसऱ्या अंगाला आहे, जिथून कुत्री दिसत नाहीत आणि त्यांचा वासही कमी येतो. आत उंचावर फळ्या, प्रत्येकीला लपायला भोक पाडलेलं खोकं, दोन दारं. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. तीन मांजरं आलीत. दोन दिसतात, तिसरी खोक्यातून नुसते डोळे दाखवते. इथं फिनाइल आणायचं नाही, बादलीवर तसं खडूनं लिहिलंय. फिनाइलमधलं विष मांजराच्या यकृताला निचरता येत नाही. पायाला लागलेलं ते चाटतं आणि आजारी पडतं. मी वही बघते. प्रत्येकीपुढं किती खाल्लं ते ग्रॅममध्ये. कुत्रं दोन दिवस रुसलं तर रुसू द्यावं, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याचं यकृत बिघडायला लागतं, लठ्ठ असेल तर लवकरच. त्या खोक्यातल्या मांजरीपुढं शून्य आहे. त्याखाली वहिनीनं लिहिलंय: सुका बोंबील, रात्री. इलाज म्हणून बोंबील कुठल्या पुस्तकात असेल असं वाटत नाही, पण मला तो पटतो.

परत येते तो आजीनं अंगणात गाय-वासरू आणून उभं केलंय. शेणानं सारवलेल्या चौकात रांगोळी, गाईच्या शिंगांना गेरू, पायांवर पाणी, कपाळाला हळद-कुंकू. वासराला पूजा नको आहे, ते आजीच्या पदराला तोंड लावतं. आज तिचा उपास. दूध-तूप नाही, गहू नाही. संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी. म्हणून मलाही कोरा चहा मिळालाय, गूळ घातलेला.

आत नऊ कुत्री भुंकतायत आणि ही ऐंशीच्या पुढची बाई शांतपणे गाईच्या खुरांवर फूल ठेवते. मी तिला विचारते, “आजी, लोकांची कुत्री आपल्या गोठ्यात आली, कसं वाटतं?”

“कसं वाटायचंय? राखोळीची जनावरं आमच्याकडं पयल्यापासनं हायेत.”

हा शब्द मी आजोळानंतर पहिल्यांदाच ऐकते. राखोळी. आपलं जनावर दुसऱ्याच्या दावणीला सांभाळायला द्यायचं, त्याबद्दल धान्य किंवा पैसा द्यायचा. ऐन पावसात खालच्या गावांत चिखल आणि भाताची लावणी, गुरांना पाय ठेवायला जागा नसायची. तेव्हा आजीच्या सासऱ्याकडे, माळावरच्या गोठ्यात, चार गावांची गुरं यायची. पोळ्याआधी परत जायची. आजीला तेव्हाचे बैल अजून मालकांच्या नावानं आठवतात.

“सासरा सांजच्याला दारात हुबा ऱ्हायचा. गुरं आत येताना येकेक मोजायचा. आपली नाय मोजायचा, राखोळीची मोजायचा. येक कमी आसलं तर कुणाच्या ताटात भाकर पडायची नाय.”

मग ती एका वर्षाचं सांगते. कुणी ओळखीचा माणूस भर श्रावणात एक बैल घेऊन आला. बैलाच्या तोंडातून तार लोंबत होती, खुरात जखम. सासऱ्यानं भिडेपोटी ठेवून घेतला. लाळ-खुरकत होती ती. आठ दिवसांत सगळा गोठा लंगडायला लागला, लोकांच्या दुभत्या गाई आटल्या, दोन वासरं गेली. सासरा भात विकून भरपाई देत फिरला. “पयशाचं येवढं नाय,” आजी म्हणते, “पर त्या गावातनं जाताना मान खाली घालायचा त्यो. मरस्तवर.”

गाईच्या कपाळावरचं कुंकू ती पदराच्या टोकानं नीट करते आणि उठते.

पाच वाजता वहिनीचा फोन पुन्हा वाजतो. आज सकाळपासून बाविसावा. मी मोजते आहे. दिवाळीत प्रत्येकाला जागा हवी. फटाक्यांनी घाबरून कॉटखाली लघवी करणाऱ्या, जिभा बाहेर काढून थरथरणाऱ्या कुत्र्यांचे मालक नुसत्या शांततेसाठीही इतक्या लांब यायला तयार आहेत. इथं वाडीत चार घरं, चार फुलबाज्या. मे महिन्यात हेच होईल, नाताळात हेच. मधल्या महिन्यांत मात्र दहा खोल्यांत दोन कुत्री असणार आणि कर्जाचा हप्ता तोच असणार. बचत गटाचं कर्ज आहे, बाकीचं आजीच्या पाटल्यांवर उभं केलंय. वर्षाचा हिशेब मीच मांडून दिला होता आणि तो मांडताना माझाच हात अडखळला होता. चार सणांच्या मिळकतीवर बारा महिने. म्हणून वहिनीनं आणखी काही योजलंय: कुत्र्यांना पंधरवड्याला आंघोळ घालून देणं, आसपासच्या बंगल्यांवरची कुत्री ऐन पावसात सांभाळणं. चालेल की नाही, ते एक पावसाळा गेल्यावर कळेल.

“नाही हो ताई, जागा नाही,” ती फोनवर म्हणते. “एक खोली रिकामी आहे ती आजाऱ्याची. ती भरता येत नाही.”

दहावी खोली बाकीच्यांपासून लांब, आंब्याखाली. तिची बादली वेगळी, झाडू वेगळा, चपला वेगळ्या.

सूर्य तोरण्यामागं गेलाय. खाचरांतून बायका डोक्यावर भारे घेऊन परततायत. तेवढ्यात धुरळा उडवत एक गाडी येते आणि फाटकाशी करकचून थांबते. तरुण जोडपं. तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं लॅबचं पिल्लू, जेमतेम अडीच महिन्यांचं. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर तास गेलाय, रात्री दहाची गाडी पुण्याहून धरायचीय.

“व्हॅक्सिनचं बुक?” वहिनी विचारते.

“एक डोस झालाय. बुक घरी राहिलं. आम्ही फोटो पाठवतो ना उद्या.”

वहिनी पिल्लाकडे बघते. पिल्लू जांभई देतं, तिचं बोट तोंडात धरू बघतं. ती हात मागे घेते. हे तिला सोपं जात नाही, तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

“चार महिन्यांच्या आतलं आम्ही घेत नाही. लशी पुऱ्या झाल्या नाहीत.”

“ताई, ट्रेन आहे. डबल देतो. तिप्पट घ्या.”

दादा मागून येतो. तिप्पट म्हणजे किती, हा हिशेब त्याच्या डोळ्यांत उमटून जातो, आणि मी त्याला दोष देत नाही. हप्त्याची तारीख मलाही पाठ आहे. तो हळूच म्हणतो, “दहावी खोली हाये की. लांब ठेवू.”

“खोली लांब आहे,” वहिनी म्हणते, “हात माझेच दोन आहेत ना. त्याचं करून मी ब्रूनोकडंच जाणार.”

ती पार्व्होबद्दल बोलते आहे. लस पुरी न झालेल्या पिल्लाला तो सहज धरतो, रक्ताची हगवण लागते, दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. एकदा मातीत पडला की महिनोन्‌महिने जिवंत राहतो, वर्षभरही. नेहमीच्या फिनाइलला दाद देत नाही, ब्लीचिंगच्या पाण्यालाच देतो; आणि अंगणाची माती काही ब्लीचिंगनं धुता येत नाही. या पिल्लाला तो असेल असं नाही. पण आत तो असेल तर या पिल्लालाच आधी गाठेल, हेही तितकंच खरं.

तरुणाचा आवाज चढतो. पाटी कशाला लावली, माणुसकी आहे की नाही, पन्नास किलोमीटर आलो. त्याचंही मला कळतं. वेळ निघून चाललीय आणि मांडीवर जीव आहे. दादा बायकोकडे बघतो, मग ओट्याकडे. ओट्यावर आजी भाकरीचं पीठ मळत बसलीय. ती मान वर करत नाही. फक्त मळायची थांबते.

दादा फाटकावरचा हात काढत नाही. “न्हाय जमायचं साहेब,” तो म्हणतो. “राग मानू नका.”

वहिनी आतून पाण्याची बाटली आणि वाटी आणते, गाडीच्या खिडकीतून देते. हायवेलगतच्या कुत्र्यांच्या डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून देते. वाटेत कुठल्या ढाब्यावर पिल्लाला खाली मातीत सोडू नका, घरी कुणी नातलग राहायला येत असेल तर घरातच ठेवा, म्हणून दोनदा सांगते. तरुण बोलत नाही, मुलगी मात्र ‘थँक्यू’ म्हणते. लाल दिवे वळणापलीकडे जातात. वहिनी लगेच पिल्लानं चाटलेलं बोट साबणानं धुते, मग चपला काढून ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवते. तिचे डोळे भरलेत. मला त्या पिल्लाची काळजी वाटते, रात्रभर वाटत राहणार आहे. आणि शेरूला जिथं ठेवलं तिथं कुणीतरी एकानं तरी असं ‘नाही’ म्हणायला हवं होतं, असंही वाटतं.

आजी पुन्हा पीठ मळायला लागलीय.

अंधार पडल्यावर जेवणं. प्रत्येकाचं खाणं घरून आलंय, डब्यांवर नावं. अचानक खाणं बदललं की पोट बिघडतं, म्हणून हा नियम. ब्रूनोचा दहीभात, वादळची उकडलेली कोंबडी, पाच नंबरच्या म्हाताऱ्या पॉमेरियनचं हृदयाचं औषध गुळात लपवून. सगळ्यांना एकदम वाढतात, नाहीतर वाट बघणारे जाळीला धडका मारतात. दहा मिनिटांत ताटल्या उचलायच्या. राहिलं ते वहीत. बाहेर वाडीची गावठी कुत्री बसलीत, काळ्या, मोत्या आणि त्यांची मंडळी. जागा सुरू करण्याआधी दादानं वाडीतल्या अकराही कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेतली, पुढं स्वतःला आणि वहिनीलाही तीन-तीन इंजेक्शनं. ‘आतली सुरक्षित ठेवायची तर भाईरची आधी बघायला पायजेत,’ हे त्यालाच सुचलं. उरलंसुरलं त्या मंडळींना मिळत नाही, वेगळी भाकरी मिळते.

राणी जेवत नाही. घरून आणलेल्या माझ्या जुन्या चादरीवर ती बसलीय, समोर भात-अंडं तसंच. मी जाळीकडे निघते.

“ताई, आता नको,” वहिनी मला अडवते. “तुम्ही दिसलात की ती तुमच्याकडंच बघत बसणार. रात्रभर उठणार. तुम्ही गेलाय असंच तिला वाटू द्या.”

मी रात्री निघणारच होते. पण घाटाकडची वाहतूक, अंधार, आणि खरं सांगायचं तर पाय निघत नाही म्हणून ओटीवर अंथरूण टाकते. माझ्या आणि राणीच्या मध्ये एक भिंत आणि वीस पावलं. भाकरी, गवारीची भाजी आणि लसणाची चटणी खाते. दूर वेल्ह्याच्या बाजूला एक बाण आकाशात जातो, त्याचा आवाज इथं येईतो अगदी बारीक झालेला असतो. आत दोघं-तिघं भुंकतात, मग थांबतात. अकरापर्यंत ब्रूनो रडतो. वहिनी त्याच्या खोलीबाहेर पोतं टाकून त्याच्याकडे पाठ करून बसते, संध्याकाळसारखीच. केव्हातरी तो गप्प होतो.

झोप लागते न लागते तोच जाग येते. कशानं, ते आधी कळत नाही. चंद्र नाही, मिट्ट काळोख. मग ओढ्यापलीकडून भेकर भुंकतं. एकदा. पुन्हा. घोगरा, घाईचा आवाज, आणि दर वेळी जरा सरकत जवळ येणारा. बाहेर काळ्या-मोत्यांचा पत्ता नाही. ती केव्हाच ओट्याखाली शिरलीत. आत नऊच्या नऊ कुत्री गप्प आहेत. दिवसभर त्या भुंकण्यानं कान किटले होते, आता ही शांतता सोसत नाही.

“भेकार बोंबलतंय,” अंधारात आजीचा आवाज. ती कधीची उठून बसलीय.

दादा बॅटरी घेऊन बाहेर पडतो. वहिनी घराच्या भिंतीवरचे सगळे दिवे लावते, पत्र्याचा डबा बडवते. बॅटरीचा झोत कुंपणाच्या कडेनं फिरतो, आंब्याच्या फांद्यांवरून, कौलांवरून. मी उभी आहे, आणि राणीकडे धावत जावं असं वाटत असताना वहिनीचं ऐकून भिंतीला हात लावून उभीच राहते. भिंत गार आहे. पलीकडं काही सरपटल्यासारखा आवाज होतो, की मलाच तसं वाटतं.

भेकर एकदा लांबून ओरडतं, टेकाडाच्या वरच्या अंगाला. मग ओरडत नाही.

दादा लगेच आत येत नाही. तो गोठ्यात शिरतो. एकेका दारापुढं थांबून, झोत खाली जमिनीवर धरून, नाव घेतो, म्हणजे आत काही हललेलं ऐकू येतं. ब्रूनो. टायसन. चेरी. सिम्बा. पॉमेरियनपाशी जास्त वेळ थांबतो. कोको. वादळ. आजी ओटीवर बसून बोटांची पेरं मोजते आहे, ओठ हलतायत. लिली. मग बराच वेळ काही नाही, आणि मी श्वास धरते.

“राणी,” तो म्हणतो. आणि जरा थांबून, भिंतीपलीकडून, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात: “भात संपवलाय हिनं.”

आजीचा अंगठा नवव्या पेरावर थांबलाय. वहिनी मांजरांच्या खोलीतून येते, तीन बोटं दाखवते. ओटीवरच्या दिव्याखाली ती वही उघडते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते, आणि लिहिते: दोन वाजून दहा मिनिटं. कुत्री नऊ, मांजरं तीन.